‘आज बीम सरळ करताय, तर काल कुठे पडत होता?’ (रेडिएशनच्या मशीनबद्दल प्रश्न)

कल्याण_फास्ट | मंगळवार, सकाळी ११.२०

नमस्कार. पहिलाच धागा काढतेय. विभाग चुकला असेल तर हलवावा.

आईचं (वय ६८) स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि आता रेडिएशन चालू आहे. एकूण १५ दिवस, आज सातवा. आमची वेळ सकाळी ८ची. कल्याणहून ६.०५ची लोकल पकडून, तिला खिडकीजवळ बसवून, पावणेआठला रुग्णालयात पोचलो (नाव घेत नाही, तक्रार करायची नाहीये). बाहेर बारा-चौदा पेशंट बसलेले. काउंटरवर एवढंच सांगितलं, ‘मशीनचं क्यूए (तपासणी) चालू आहे, बसा.’ सव्वादहाला नंबर लागला.

उशिराचं काही नाही हो, मुंबईत राहतो. पण वॉर्डातले एक मामा जाता जाता म्हणाले, ‘काल रात्री काम निघालं होतं, आता बीम अलाइन करतायत.’ तेव्हापासून डोक्यात एकच चक्र फिरतंय. बीम, म्हणजे किरणांचा झोत, आज सरळ करत असतील, तर काल तो कुठे पडत होता? आईला विचारायची सोय नाही, ती घाबरेल. तिथल्या डॉक्टरांना विचारायचा धीर झाला नाही. इथे कुणी या क्षेत्रातलं आहे का?

---

बोरिवली_स्लो | मंगळवार, ११.४१

ताई, मी यातून २०१९ला गेलोय. ३३ दिवस. त्यातले तीन दिवस मशीन बंद होतं. तेव्हा हा प्रश्न मलाही पडला होता, पण मी कुणाला विचारला नाही आणि गुगल केलं. ते करू नका. आई बरी होईल. कॅन्टीनचा उपमा खाऊ नका, हा दुसरा सल्ला.

---

किरणोत्सुक | मंगळवार, दुपारी १.५५

मुंबईतच मेडिकल फिजिसिस्ट आहे, चौदा वर्षं झाली. डॉक्टर नाही. मशीनमधून निघणारा डोस आणि त्याची दिशा ही आमची जबाबदारी. तुमचं रुग्णालय कुठलं ते मला माहीत नाही, म्हणून तिथे काय झालं ते सांगू शकत नाही. साधारण काय चालतं ते सांगतो.

आधी प्रश्न नीट मांडूया. मशीनच्या डोक्यात टंगस्टनचं टार्गेट असतं. जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने आलेले इलेक्ट्रॉन त्यावर आपटतात आणि एक्स-रे निघतात. टार्गेटपासून १०० सेंटिमीटरवर हवेत एक काल्पनिक बिंदू असतो, त्याला आम्ही आयसोसेंटर म्हणतो. पेशंटभोवती फिरणारी ती अवाढव्य गॅन्ट्री, तिच्या डोक्यातला कॉलिमेटर (किरणांची चौकट आखणारा भाग) आणि खालचा काऊच (पेशंटचा पलंग), ही तिन्ही फिरतात आणि तिघांचे अक्ष या एकाच बिंदूतून जायला हवेत. गाठ त्या बिंदूपाशी आणून ठेवली की गॅन्ट्री कुठूनही मारू दे, नेम तिथेच.

अडचण अशी की एक्स-रे दिसत नाहीत आणि तो बिंदूही दिसत नाही. म्हणून आम्ही दाखवणारे नेमलेत. भिंतीवरचे आणि छतावरचे लेसर (आईच्या अंगावर हिरव्या किंवा लाल रेघा पडतात त्या). मशीनच्या डोक्यातला दिवा: बल्ब आणि आरसा असे बसवलेले असतात की उजेड जणू टार्गेटमधूनच येतोय असं भासावं. त्या उजेडातली क्रॉसवायरची फुली. आणि त्वचेवर अंतराचे आकडे पाडणारा ओडीआय. यातलं एकही एक्स-रे नाही. सगळे त्याच्या वतीने बोलतात. आमची निम्मी नोकरी म्हणजे हे वकील अशिलाचंच बोलतायत ना, ते तपासणं.

त्यामुळे ‘बीम अलाइन करतायत’ या मामांच्या वाक्यात चार-पाच वेगळी कामं येऊ शकतात. बहुतेक वेळा बीम जागेवर असतो, हललेला असतो तो दाखवणारा. बल्ब उडाला आणि नवा बसवताना जरासा सरकला, की खाली उजेडाची चौकटही सरकलेली दिसते.

---

लालबागकर | मंगळवार, ३.३०

किरणोत्सुक, मी चाळीस वर्षं लेथवर आणि मग टूलरूममध्ये काढली. आमच्याकडे चकमध्ये जॉब धरला की डायल लावून रनआऊट (फिरताना किती डगमगतो ते) बघतात. तुमची गॅन्ट्री म्हणजे मोठं चकच झालं. पण आमच्याकडे डायल ठेवायला मशीनचा बेड असतो, तो हलत नाही. तुम्ही लेसर कशाशी ताडून बघता? क्रॉसवायरशी? मग क्रॉसवायर कशाशी? लेसरशी? दोन खोटे साक्षीदार एकमेकांना दुजोरा देतील की!

---

किरणोत्सुक | मंगळवार, ४.१०

काका, याच प्रश्नावर आमची तोंडी परीक्षा होते.

पहिली पायरी तुमच्या डायलसारखीच. डोक्याला एक टोकदार दांडी लावतात, फ्रंट पॉइंटर. काऊचवर दुसरी सुई स्थिर उभी करतात. दोन्हींची टोकं समोरासमोर आणून गॅन्ट्री ०, ९०, १८०, २७० अंशांवर नेतात आणि टोक किती भटकतं ते बघतात. भटकतंच. डोकं टनावारी वजनाचं, वर असताना एकीकडे लवतं आणि खाली आलं की दुसरीकडे. म्हणून आयसोसेंटर हा भूमितीतला बिंदू नसून एक छोटा गोळा आहे. माझे सर म्हणायचे, सगळं भटकणं मोहरीच्या दाण्यात बसलं पाहिजे. त्या गोळ्याच्या मध्यावर लेसर आणून लावायचे.

पण ही झाली लोखंडाची साक्ष. किरणांची वेगळी काढावी लागते. पूर्वी पाकिटबंद एक्स-रे फिल्म काऊचवर ठेवून उजेडाच्या चौकटीच्या कडांवर टाचणीने भोकं पाडायचो, मग किरण सोडायचे, डार्करूममध्ये फिल्म धुवायची. काळा झालेला चौकोन भोकांपर्यंत पोचलाय की अलीकडे थांबलाय ते पट्टीने मोजायचं. साध्या उपचारांना २ मिलिमीटरपर्यंत फरक चालतो. आता फिल्मऐवजी मशीनच्याच हाताला लावलेला डिजिटल पॅनल वापरतात. टाचणीची मजा गेली, वेळ वाचला.

आणि खरा निवाडा करणारी चाचणी म्हणजे विन्स्टन-लुट्झ. बोस्टनमधल्या लुट्झ, विन्स्टन आणि मालेकी यांनी १९८८ साली ती मेंदूच्या बारीक उपचारांसाठी मांडली. लेसर जिथे एकमेकांना छेदतात तिथे धातूची एक छोटी गोळी ठेवायची. बारीक किरण सोडायचे. प्रतिमेत किरणांचं वर्तुळ दिसतं आणि आत गोळीची सावली. सावली वर्तुळाच्या मधोमध हवी. मग गॅन्ट्री फिरवून, कॉलिमेटर फिरवून, काऊच फिरवून पुन्हा पुन्हा. इथे लेसर आणि किरण थेट समोरासमोर येतात, मध्ये दुसरा साक्षीदार नाही. मेंदूच्या कामात फरक १ मिलिमीटरच्या आत लागतो.

---

लालबागकर | मंगळवार, ४.२२

बेअरिंगचा छर्रा चालेल काय?

---

किरणोत्सुक | मंगळवार, ४.२५

चालतो. एका कंपनीच्या मशीनबरोबर ८ मिलिमीटरचा बेअरिंग छर्राच प्लॅस्टिकच्या दांडीवर बसवून येतो. आपल्याला वाटतं काहीतरी चंद्रावरून आणलंय.

---

सातची_शिफ्ट | मंगळवार, रात्री ९.०५

मी रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट. मशीन सकाळी उठवतो ते आम्ही, फिजिसिस्ट चहा घेऊन येतात 😀

कल्याण_फास्ट, रोज पहिल्या पेशंटच्या आधी आम्ही लेसर, ओडीआय, चौकटीचं माप, दरवाज्याचं इंटरलॉक (दार उघडलं की किरण बंद करणारी सोय) आणि डोस बघतोच. लेसरची एक सोपी युक्ती सांगते. पांढरा कागद मध्ये उभा धरायचा. डावी रेघ आणि उजवी रेघ कागदाच्या दोन्ही बाजूंनी एकाच ठिकाणी दिसली पाहिजे. फाकली की दोघांतला एक हललाय. कोण हलला ते मग सर बघतात.

लेसर हलायला काही लागत नाही. भिंतीवर ड्रिलिंग झालं, स्ट्रेचर घासली, साफसफाईत कुणी फडकं मारलं, झालं. एकदा तर...जाऊ दे.

पण ताई, मशीनपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती तुमच्या आईच्या अंगावरच्या खुणांची. मशीन कितीही सरळ असलं तरी लेसर जुळवायचे त्या खुणांवर. मे महिन्यात कल्याणहून लोकलने घामाघूम होऊन येणाऱ्या पेशंटची मार्करची रेघ निम्मी पुसलेली असते आणि घरी कुणीतरी प्रेमाने ती पेनने पुन्हा ओढलेली असते!! असं कधीही करू नका. पुसली तर पुसली म्हणून सांगा, आम्ही पुन्हा प्रतिमा काढून लावतो. टॅटूचे ठिपके असतील तर प्रश्नच नाही.

---

कल्याण_फास्ट | मंगळवार, ९.४०

बाप रे. शुक्रवारी मी एक रेघ ओढली होती. आयब्रो पेन्सिलने.

---

सातची_शिफ्ट | मंगळवार, ९.४४

उद्या सकाळी गेल्या गेल्या सांगा. रागावणार नाहीत. रागावले तरी सांगा.

---

चिकित्सक_नंदू | बुधवार, सकाळी ८.१५

चांगली माहिती आहे, पण मला हा सगळा मिलिमीटरचा सोपस्कार वाटतो. श्वास घेतला तरी छाती चार-पाच मिलिमीटर हलते. पेशंट रोज थोडा वेगळा झोपतो. तिथे मशीन एक मिलिमीटरने इकडे की तिकडे, कुणाला फरक पडतो? दोन तास चौदा माणसं ताटकळली त्याचं काय? त्यातले कितीजण दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेतून किंवा बाहेरगावाहून आलेले असतील.

---

किरणोत्सुक | बुधवार, १०.५०

नंदू, ताटकळण्याबद्दल सहमत. पेशंटना दोन वाक्यांत कारण सांगायला काही खर्च येत नाही.

मिलिमीटरबद्दल मात्र नाही. पेशंटचं हलणं रोज वेगळ्या दिशेला होतं. आज डावीकडे दोन, उद्या उजवीकडे तीन. पंधरा दिवसांत ते बरंचसं एकमेकांना खातं, कडेचा डोस जरा पुसट होतो इतकंच. मशीनची चूक रोज त्याच दिशेला होते, प्रत्येक पेशंटला होते आणि कधीच भरून येत नाही. ॲमस्टरडॅमच्या मार्सेल व्हॅन हर्क यांच्या गटाने २००० साली याचं गणित मांडलं: गाठीभोवती किती मोकळी जागा सोडायची ते काढताना रोज तीच राहणाऱ्या चुकीला २.५ने गुणायचं आणि रोज बदलणाऱ्या चुकीला ०.७ने. म्हणजे मशीनच्या मिलिमीटरचं वजन पेशंटच्या मिलिमीटरच्या साडेतीनपट.

कोनाचंही तसंच. कॉलिमेटर एक अंशाने चुकला तर मध्यावर काही कळत नाही. मध्यापासून १० सेंटिमीटरवर तो पावणेदोन मिलिमीटर होतो. छातीच्या उपचाराची चौकट लांब असते, तिच्या टोकाला हे दिसायला लागतं.

आता दुरुस्तीचं. कल्याण_फास्ट, रात्री काय बदललं ते कळलं का? कारण प्रत्येक भागाची तपासणी वेगळी. मॅग्नेट्रॉन (इलेक्ट्रॉनना वेग देणाऱ्या लहरी बनवणारा भाग) बदलला तर नेम सहसा हलत नाही, पण किरणांची ऊर्जा आणि डोस बदलू शकतो. इलेक्ट्रॉनची धार टार्गेटवर जराशी सरकली तर त्याखाली कळसासारखा एक धातूचा शंकू असतो (किरण सपाट करणारा फिल्टर), त्याच्या शिखराशी ती जुळत नाही आणि चौकटीच्या एका बाजूला डोस जास्त, दुसरीकडे कमी होतो. त्याला आम्ही सिमेट्री बिघडली म्हणतो. डोक्यातल्या आयन चेंबरचे (किरण मोजणाऱ्या डबीचे) भाग याच्यावर पहारा ठेवतात आणि फरक ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला तर मशीन स्वतःच बंद पडतं. पण पहारेकऱ्यावर विसंबून झोपायचं नसतं. बाहेरून वेगळ्या उपकरणाने मोजायचंच. त्यात पावसाळ्यात आणखी एक भानगड: आपलं मोजायचं चेंबर हवेला उघडं असतं आणि जूनमध्ये मुंबईत हवेचा दाब उतरतो, तेवढी दुरुस्ती आकड्यात केली नाही तर टक्काभर चूक तिथेच. पण हे विषयांतर झालं.

---

अणुशक्तीनगर_जुना | बुधवार, १२.३०

निवृत्त आहे, याच खात्याच्या आसपास आयुष्य गेलं. दुरुस्तीनंतर न मोजता मशीन सुरू केलं की काय होतं, याचं उदाहरण शिकवताना आम्ही नेहमी द्यायचो: स्पेनमधलं सारागोसा, डिसेंबर १९९०. लिनॅकची (म्हणजे अशाच रेडिएशनच्या मशीनची) दुरुस्ती झाली. त्यानंतर ऊर्जा काहीही निवडा, पॅनलवरचा काटा ३६ एमईव्हीवरच (एमईव्ही हे ऊर्जेचं माप). लोकांना वाटलं काटा अडकलाय. काटा बरोबर होता, ऊर्जा खरोखरच तेवढी निघत होती. दहा दिवसांत २७ जणांवर उपचार झाले, त्यातले अनेक दगावले. दुरुस्ती झाल्याचं फिजिसिस्टपर्यंत वेळेत पोचलंच नव्हतं.

त्यामुळे ताई, काउंटरवर दोन तास लावले म्हणजे तिथे कुणीतरी मोजत होतं.

बाकी, किरणोत्सुक ज्या फिल्म-टाचणीची आठवण काढतायत, ती आमच्या कोबाल्टच्या मशीनवर (ज्यात किरण किरणोत्सारी कोबाल्टमधून येतात) चांगलीच अवघड जायची. कोबाल्टचा स्रोतच दीड-दोन सेंटिमीटर रुंद, त्यामुळे सावलीची कड लोण्यासारखी. कड नेमकी कुठली यावरून वाद व्हायचे. भाभा अणुसंशोधन केंद्राने भाभाट्रॉन हे कोबाल्टचं मशीन बनवलं तेव्हा त्यावरही हीच झटापट.

---

लालबागकर | बुधवार, २.१५

सगळं वाचलं. तरी ताईंच्या मूळ प्रश्नाला कुणी हात घातलेला नाही. ‘काल कुठे पडत होता?’

आमच्या टूलरूममध्ये गेज तपासायला गेला की दोन आकडे लिहायची सक्ती होती. एक, हात लावण्याआधीचा. दुसरा, ॲडजस्ट केल्यानंतरचा. नवीन पोरं दुसराच लिहायची. मी म्हणायचो, अरे बाबा, दुसऱ्या आकड्याने उद्याचा माल वाचेल. गेल्या महिन्यात या गेजवर पास केलेल्या मालाचं काय, ते पहिला आकडा सांगतो. तुमच्याकडे पहिला आकडा लिहितात का?

---

किरणोत्सुक | बुधवार, रात्री ११.२०

काका, घरी येऊन जेवलो आणि मग लिहायला बसलो, कारण हे लिहायला जरा बळ लागतं.

पहिली नोकरी. कुठे ते सांगत नाही. सोमवारी सकाळी कागदाची युक्ती केली तर डावा लेसर फाकलेला. मी नवाकोरा, ॲलन की खिशातच. पाच मिनिटांत लेसर जागेवर आणला, वहीत लिहिलं ‘लेसर ठीक’ आणि खूश होऊन पहिला पेशंट आत घेतला. दहाला सर आले. म्हणाले, किती हलला होता? मी म्हटलं, तीनेक मिलिमीटर. कुठल्या दिशेला? मला आठवेना. वर की खाली, खरंच आठवेना. सर शांतपणे म्हणाले, शनिवारचे बत्तीस पेशंट आता तू मला शोधून दे.

लेसर शनिवारी रात्री हलला की शनिवारी सकाळी, कुणालाच माहीत नव्हतं. मग ज्या पेशंटच्या शनिवारी प्रतिमा काढल्या होत्या त्या एकेक उघडून हाडं जुळवत बसलो. हाडं जागेवर होती. साफसफाई रविवारी झाली होती, ते संध्याकाळी कळलं. पण तो पूर्ण दिवस मी जे शोधत होतो ते मीच सकाळी ॲलन कीने पुसलं होतं.

तर हो, लिहितात. लिहायलाच हवं. ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. काल सकाळची चाचणी व्यवस्थित होती आणि रात्री इंजिनियरने पाना लावायच्या आधीचं मोजमापही व्यवस्थित होतं, तर मधल्या पेशंटना किरण जागच्या जागी मिळाले. आधीचं मोजमाप बिघडलेलं असेल, तर किती आणि केव्हापासून हे शोधणं त्यांचं काम. आणि एक प्रामाणिकपणे सांगतो: मशीन पूर्ण मेलेलं असेल तर आधीचं मोजमाप घेताच येत नाही. तेव्हा शेवटची चांगली चाचणी आणि त्या दिवसांत काढलेल्या प्रतिमा एवढाच आधार.

तिथल्या फिजिसिस्टला भेटा. डॉक्टरांपेक्षा सापडायला सोपा असतो, बंकरच्या (मशीनच्या जाड भिंतींच्या खोलीच्या) बाहेर वह्या घेऊन बसलेला. ‘दुरुस्तीच्या आधीचं रीडिंग काय होतं’ एवढंच विचारा.

---

चिकित्सक_नंदू | गुरुवार, ७.५०

साडेतीनपट वाचून गप्प बसलोय. ताटकळण्याचा मुद्दा मात्र मागे घेत नाही.

---

कल्याण_फास्ट | गुरुवार, दुपारी १२.०५

आज फिजिसिस्टला भेटले. बाईच आहेत, माझ्याच वयाच्या. आधी आयब्रो पेन्सिलची कबुली दिली. टेक्नॉलॉजिस्टनी डोक्याला हात लावला, स्पिरिटने रेघ पुसली, प्रतिमा काढून नवी खूण केली. जुनी रेघ चार मिलिमीटर बाजूला होती म्हणे. पण शुक्रवारनंतर रोज प्रतिमा बघूनच लावत होते, त्यामुळे माझ्या रेघेकडे कुणी बघितलंच नव्हतं. माझी कलाकारी वाया गेली, देवाची कृपा.

मग फिजिसिस्टबाईंना रीडिंग विचारलं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, हे तुम्हाला कुणी शिकवलं? मी म्हटलं, लालबागचे एक टर्नर काका. त्यांनी वही काढली. दोन रकाने आहेत, काका! सोमवारी रात्री कॉलिमेटरची मोटर बदलली. आधी: कोन ०.२ अंश, फुलीचं भटकणं ०.६ मिलिमीटर. नंतर: ०.१ आणि ०.५. किती चालतं विचारलं तर १ अंश आणि १ मिलिमीटर. उशीर झाला तो मोटर बसल्यावर सगळे कोन पुन्हा फिरवून बघण्यात.

आई बाहेर बाकावर बसली होती. ‘काय एवढं विचारत होतीस त्यांना?’ म्हणाली. मी म्हटलं, मशीनचं. ती म्हणाली, ते हिरवे दिवे छान आहेत गं, दिवाळीला असे मिळतील का बघ.

---

लालबागकर | गुरुवार, १२.३१

दोन रकाने! त्या बाईंना माझा नमस्कार सांगा.